चार बोटं

शेंदुरजनाघाटच्या नाक्यावर, पंक्चरच्या दुकानामागं,
कय्यूम मिस्त्री माझ्या पिकअपखाली आडवा झाला
आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.
नुसत्या चपला दिसत होत्या, एकीचा अंगठा तुटलेला.
मग आतून आवाज:
"हे स्प्रिंग कोनं कापलं बे?"

बडनेरा रोडवरच्या एका पोरानं.
अकराशे रुपये, एक ग्राइंडर, अर्धा तास,
आणि गाडी बसली जमिनीला
कोंबडी अंड्यावर बसते तशी.
फोटो काढले. दोन दिवस गावात मीच मी.
तिसऱ्या दिवशी लोणी फाट्याच्या अलीकडं
लोकांनी स्वतःच्या हातानं घातलेल्या ब्रेकरनं
पोट खरवडून काढलं,
आणि कळमन्यात उतरवलं तेव्हा
तळातले सहा क्रेट रस गाळत होते.
अडत्यानं हातही लावला नाही,
मान वळवूनच भाव सांगितला.

मिस्त्रीनं गोणपाटावर दोन खोकी उघडली.
एकात निळा शॉकअप, पक्क्या उंचीचा, स्वस्त,
आहे तेवढाच राहणारा.
दुसऱ्यात पिवळी स्प्रिंग, आतल्या नळीला अंगभर आटे,
आट्यांवर दोन कड्या,
एक वजन झेलणारी, दुसरी तिला धरून ठेवणारी,
आणि डोक्यावर चिमटीत मावणारी खुंटी.
फिरवली की टिक.
बत्तीस टिक.
"कापलेलं वाढत नाई," मिस्त्री म्हणाला,
"हे वाढते बी, कमी बी होते. पन पैसे तिप्पट."
मी दोन्ही हातात घेऊन पाहिले,
जणू वजनावरून कळणार होतं काही.

तेवढ्यात पंचफुलाबाई आली,
तोडणीच्या टोळीची मुकादम,
कमरेला हिशेबाची वही खोचलेली.
"उंच करून रायला का?"
थोडी, मी म्हटलं. पांदणीत तो मधला दगड लागतो.
"दगडाचं पाय तू. माह्या गुडघ्याचं कोन पायल?
खाली केली तवापासून एकटी चढतो मी.
पयले दोघी जनी मांगून ढकलत."

मला वाटायचं, गाडी मी माझ्यासाठी खाली केली.

पिवळंच घेतलं. मागं पाटे तसेच ठेवले.
मग उंची मोजली ती टेपनं नाही.
मडगार्ड आणि टायरच्या मध्ये मिस्त्रीनं बोटं घातली:
आधीची दोन. त्याचं म्हणणं, सहा पाहिजेत.
सहावर बाईनं पाय टाकला, तसाच काढून घेतला,
बोलली नाही.
जॅक लागला. पाना फिरला. जॅक उतरला.
पाच.
दांडा धरून चढली, पण ओठ आवळून.
पुन्हा जॅक.
चार बोटांवर ती आत जाऊन बसली
आणि वहीत काहीतरी लिहू लागली.

आता टिकांचं.
डॅशबोर्डवर एक संत्रं सुटं ठेवलं
आणि शाळेजवळच्या ब्रेकरवर गाडी घातली.
सव्वीसवर संत्रं उडालं, थेट तिच्या ओच्यात.
आठवर गाडीच डोलत राहिली
दारू उतरत नसलेल्या माणसागत,
संत्रं या टोकाहून त्या टोकाला.
सतरावर हललं, वळलं,
आणि काचेला टेकून थांबलं.
"हे बरं हाय," बाई म्हणाली,
आणि सोलून खाऊन टाकलं.
बिया खिडकीतून बाहेर.

मिस्त्रीनं कड्या आवळल्या, खडूनं खूण केली.
"भरून एक चक्कर मार. स्प्रिंग बसते.
मंग आनून दाखव. कुठी घासली तं सांगजो."

दुसऱ्या दिवशी पंचावन्न क्रेट, वर ताडपत्री,
पांदणीतला तो दगड.
सवयीनं मी श्वास धरला, खांदे वर घेतले,
जसा काही मीच वरून जाणार होतो.
घासलं.
अगदी थोडं, नख लागावं एवढं.
पंचफुलाबाईनं माझ्याकडं पाहिलं.
"काई नाई झालं," ती म्हणाली,
"मिस्त्रीले सांगू नोको."